घड्याळाचा डावा-उजवा

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझे दिवस खुर्चीत जातात. त्यातले पुष्कळसे या उन्हाळ्यात नवऱ्यासाठी रस्ता सांगणारं काहीतरी शोधण्यात गेले. "मोबाइलमध्ये असतंच ना आई, त्यात शोधायचं काय?" असं लेक पुण्याहून म्हणाली. तिला समजावून सांगायचाही मला कंटाळा आला.

हे लोकांच्या घरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करतात. आधी कापडगिरणीत होते, तिथल्या खडखडाटात कान गेले. मशीनचं दुखणं बोटांना कळतं, म्हणून धंदा चालला. अडचण रस्त्याची. पूर्वी गिऱ्हाइकं जुन्या नागपुरात, महाल-इतवारीत असायची, आता सगळी शहराच्या कडेला, बेसा-बेलतरोडीच्या नव्या ले-आउटमध्ये. तिथल्या प्लॉटच्या नंबरांना काही धरबंध नाही, आणि थांबून विचारावं तर उत्तर ऐकू येत नाही.

इतकी वर्षं रस्ता मी सांगितला. स्कूटरवर मागे बसून मोबाइल बघायचा आणि खांद्यावर हात मारायचा. डाव्या खांद्यावर मारला की डावीकडे, उजव्यावर मारला की उजवीकडे. दोन्ही खांद्यांवर हात ठेवले की थांबायचं, घर आलं. यात कौतुकाचं काही नव्हतं. मे महिन्यात स्कार्फच्या आत डोकं उकडून निघायचं, आणि परक्यांच्या हॉलमध्ये बसून बॉबिनच्या गप्पा ऐकताना जीव नकोसा व्हायचा. ऑपरेशन ठरलं तेव्हा मनात पहिलं हेच आलं की चला, सुटले.

पण मी सुटले आणि हे घरी बसले. गिऱ्हाइकाचा फोन मी घ्यायचे आणि हे समोरून मानेनं नाही म्हणायचे. पेपर वाचून झाला की घडी घालून पुन्हा तोच उघडायचे. गिरणी बंद पडली तेव्हाही असेच बसले होते. तो काळ मला पुन्हा नको होता. काहीही करून यांना घराबाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग प्रयोग सुरू झाले. बोलणारा नकाशा बादच. श्रवणयंत्राला फोन जोडून पाहिला तर हेल्मेटमध्ये नुसता वारा घोंघावायचा. हँडलला फोन लावायचा स्टँड आणला. नागपूरच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचं तोंड तेवढं दिसतं, आणि थोड्या वेळानं फोन तापून आपोआप बंद. शेवटी लेकीनं मनगटावरचं घड्याळ पाठवलं. फोन खिशात ठेवायचा, वळण आलं की घड्याळ थरथरतं. छोटी थरथर म्हणजे डावीकडे, लांब म्हणजे उजवीकडे. दुचाकीचा रस्ता निवडणं, नकाशा आधीच उतरवून ठेवणं, हे सगळं मी खुर्चीत बसून केलं. यांना कानाशी ओरडून दोनदा समजावलं. यांनी मान हलवली. ऐकू न येणारा माणूस कशालाही मान हलवतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

सकाळी हे निघाले. अवजारांची पिशवी नेहमीसारखी पायाशी, फूटबोर्डावर कोंबलेली. मागची सीट रिकामी होती, तिच्यावर बांधा म्हणून मी आधीही सांगितलं होतं. ऐकलं नसेल, असं मला वाटलं.

थोड्याच वेळात स्कूटर परत फाटकाशी. मला वाटलं, काही विसरले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा घामानं भिजून आत आले आणि हेल्मेट टेबलावर आपटलं.

"हे घड्याळ घराच्याच मागं लागलं आहे," म्हणाले. "फिरून फिरून आपल्याच गल्लीत आणून राहिलं."

"अहो, तुम्ही वळत कुठी होते?" मी ओरडले.

"डावीकडं. डाव्या हाताले हलते ना ते."

प्रत्येक थरथरीला हे डावीकडे वळले होते. छोटी काय नि लांब काय, डाव्या अंगाला हात लागला की डावीकडे, ही सवय मीच लावलेली. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग इतका थकवा आला की मी डोळे मिटून घेतले.

यांनी घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "राहू दे वं. दोन महिन्यांचा त प्रश्न आहे. तुझा पाय बरा झाला की तू बसशीलच मागं."

तेव्हा मला पिशवी अजूनही पायाशीच का होती ते कळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्कूटरवर मागे बसणं आता कायमचं विसरा. हे शेजारीच बसले होते, मान हलवत होते. बाहेर आल्यावर "काय म्हणले?" असं विचारलं, तर मी म्हणाले, "चालायला सांगितलं." खोटं नव्हतं. बाकीचं घरी गेल्यावर सांगू म्हटलं आणि राहून गेलं.

आता सांगायला हवं होतं. पण आमच्या घरात काहीही सांगायचं म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची मला ताकद नव्हती. वाईट वाटत होतं. जिचा मला वैताग होता ती जागा यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती.

मी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि वॉकर धरून उठले. हे खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होते. मी मागे गेले आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

यांचे हात नाडीवर थांबले. मागे वळून त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मानेनं नाही म्हटलं. यांनी हात लांब करून टेबलावरचं घड्याळ उचललं. मग मनगट पुढे करून म्हणाले, "बांध. कोणतं छोटं नि कोणतं लांब, ते पुन्हा सांग."

दुसऱ्या दिवशी हे निघाले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. अवजारांची पिशवी मागच्या सीटवर होती, दोरीनं घट्ट बांधलेली.