कोपऱ्यातल्या वहाणा

महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात, मिरजेच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट बघताना तो भेटला. नुकताच पलटणीतून सुटून आलेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

नोकरीत फिरताना स्वतः काढलेले फोटो तो फुंकर मारून एकेक दाखवत होता. ताजमहाल, काशीचे घाट, जबलपूरचा धबधबा. फोटो झकास, पण प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात त्याच दोन जाडजूड वहाणा! मी चित्रकलेचा मास्तर. चूक दिसली की जीभ आवरत नाही.

“अहो, वहाणा तेवढ्या बाजूला ठेवायच्या!”

तो खदखदून हसला. “आवं, मुद्दाम ठेवल्यात. बाजारातलं चित्र कुनीबी धाडंल. आईला वाचाय येत न्हाई, पर ह्या वहाणा तिनंच करून घेतल्या व्हत्या. त्या दिसल्या की गावभर सांगायची, ‘जिता हाय माझा ल्योक!’”

त्याच्या शेजारी गाठोड्यावर एक म्हातारी ताठ बसली होती.

“आता कुठं निघालात?”

“आग्र्याला!” त्यानं कॅमेरा उंच धरला. “आता वहाणांच्या जागंवर आई बसनार!”

म्हातारीनं तिथंच पदर सारखा केला आणि हनुवटी वर उचलली.