लाभ, दोन, तीन

गणिताचं चौथं खोकं तालुक्याच्या स्टँडवरच्या पानठेल्यात तीन दिवस पडून होतं. आमच्या गावापर्यंत कुरिअरवाला येत नाही. रस्त्यात वाघ आहे असं तो सांगतो, आणि ते खरंच आहे. पानठेलेवाल्याने खोकं माझ्या हातात देताना विचारलं, "पुन्हा गणितच का, बाई?" आधीची तिन्ही खोकी त्याच्याच हातून माझ्याकडे आली होती. मी हो म्हटलं. तो चुना मळत म्हणाला, "एवढं गणित आपल्या तालुक्यात कोणालेच लागून नाई राह्यलं."

त्याला काय सांगणार? हे सगळं गणित साडेसात वर्षांच्या एका मुलीला लागत होतं. म्हणजे तिला नव्हतं लागत, मला लागत होतं.

झालं होतं असं की पोरं कमी म्हणून गावातली शाळा बंद झाली. शेजारच्या गावची शाळा जंगलातल्या रस्त्याने पाच किलोमीटर, आणि त्या रस्त्यावर वाघाने भर दुपारी गाय मारली. गावातल्या बाकीच्या आयांनी आपापली पोरं मामाकडे, मावशीकडे धाडून दिली. मी मात्र चंद्रपूर शहरात वाढलेली, गणितात बी.एस्सी., वर बी.एड. एवढं शिकून धानाच्या बांध्यांत आलेल्या सुनेला आपली अक्कल दाखवायला अशी संधी पुन्हा कधी मिळणार? मी जाहीर केलं, मुलीला घरीच शिकवायचं. धाकटा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, म्हणून तो वाचला.

पहिले दोन महिने आपलं नेहमीचं पाठ्यपुस्तक घेऊन बसलो आणि सगळं सुरळीत चाललं. मुलगी हातच्याची बेरीज करू लागली. चांगलं चाललेलं काम मला बघवत नाही, हा माझा जुना आजार आहे. मी फोनवर घरी शिकवणाऱ्या आयांचा एक ग्रुप गाठला. त्यात पुण्याच्या होत्या, बेंगळुरूच्या होत्या, एक तर थेट परदेशातली होती. आमच्याकडे फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येते. त्यामुळे रोज संध्याकाळी गावातल्या बाया सैपाकाला लागल्या की मी पाळीवर उभी राहून ज्ञान घ्यायची. एकीने लिहिलं की पाठ्यपुस्तकांनी मुलांचा संख्याबोध मरतो. सकाळपर्यंत हा शब्दही मला ठाऊक नव्हता. संध्याकाळी माझ्या मुलीचा संख्याबोध मेल्याची मला खात्री पटली.

पहिलं खोकं आलं ते एका चिमुकल्या बेटावरच्या देशाच्या पद्धतीचं. गुळगुळीत पानं, रंगीत ठोकळे, आणि मोजायला स्ट्रॉबेऱ्या. मुलीने चित्र नीट निरखून विचारलं, "आई, ही कोणती मिरची?" पुढच्या पानावर बर्फाचे बाहुले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे पाऱ्याचं काय होतं ते सगळ्या राज्याला ठाऊक आहे, पण आम्ही मे महिन्यात बर्फाचे बाहुले मोजले.

नव्याचे नऊ दिवस संपले. मग कुणीतरी सांगितलं की एवढ्या लहान वयात आकडे दाखवणंच चूक, गणित गोष्टींतून यायला हवं. दुसऱ्या खोक्यात चार बुटके होते. बेरजेचा बुटका जमवायचा, वजाबाकीचा बुटका पळवायचा. ज्या मुलीला हातचा घेता येत होता तिला मी तो विसरायला लावला. ती वजाबाकीच्या बुटक्याला घाबरू लागली आणि संध्याकाळी न्हाणीत एकटी जाईना. तिसऱ्या खोक्यात मणी होते, दहाची माळ, शंभराचा चौकोन, हजाराचा ठोकळा. ते सुंदर होते, खोटं कशाला बोलू. धाकट्याने एक नाकात घातला, तो निघाला. पाच-सहा कोंबडीने गिळले, ते काही निघाले नाहीत. आमचा हजार तेव्हापासून जरा कमीच भरतो.

खोकं बदललं की धडा पहिला, आकडा एक. वर्षभरात माझी मुलगी एक हा आकडा तीन वेळा शिकली.

आणि याच वर्षात ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी विचारायची, सात आणि पाच किती? ती म्हणायची, "बारा?" आणि माझ्या भुवया बघायची. भुवई जरा हलली की लगेच तेरा. नाही तर अकरा. एकदा तिने अगदी शहाण्यासारखं विचारलं, "आई, कोणत्या खोक्यातलं उत्तर सांगू?" मी हसले आणि ते ग्रुपवर टाकलं. पुण्याहून बरेच हसरे चेहरे आले. पावसाळा संपता संपता तिने उत्तर देणंच सोडलं. काहीही विचारलं की मान खाली आणि एकच वाक्य, "मले नाई येत."

तेव्हा मी घाबरले. येत्या जूनपासून वनखात्यातल्या एका शेजाऱ्याच्या जीपमधून तिला तालुक्याच्या शाळेत पाठवायचं नवऱ्याने ठरवलं होतं. तिसरीत. तिथले गुरुजी विचारणार, सात आणि पाच किती, आणि ही मान खाली घालणार. ही मुलगी आयुष्यभर मान खाली घालून मले नाई येत म्हणेल, आणि ते मी तिला घरी बसवून, मन लावून शिकवलेलं असेल. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर दर तीन महिन्यांनी अंगणच बदलत होते. आणि घाबरल्यावर मी काय करावं? चौथं खोकं मागवलं.

चौथ्या खोक्याची ऐट वेगळी होती. ते पाठवण्याआधी तज्ज्ञ बाई फोनवरून मुलीची चाचणी घेत आणि कुठून सुरुवात करायची ते ठरवत. आम्ही मायलेकी पाळीवर जाऊन बसलो. पडद्यावर बाई आल्या, आवाज साखरेत घोळलेला. म्हणाल्या, "तुझ्या आजूबाजूला काय दिसतंय, बाळा? मोजून दाखव बघू." तलावात बगळे होते. मुलीने बोट केलं आणि मोजू लागली, "लाभ, दोन, तीन, चार..." अगदी विसापर्यंत न अडखळता गेली. तिथे म्हणाली, "एक खंडी." आणि पुन्हा सुरू केलं, "लाभ, दोन..."

बाईंनी तिला थांबवलं. काही लिहून घेतलं आणि माझ्याशी बोलू लागल्या. एक ही संकल्पना कच्ची आहे. विसाच्या पुढे संख्यांची साखळी तुटते. शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल की खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, धानाला बरकत यावी म्हणून. कुडो म्हणजे धान मोजायचं माप. वीस कुडो झाले की एक खंडी, आणि मग पुन्हा लाभापासून. मुलगी दरवर्षी आजोबांच्या मांडीला टेकून हे ऐकत आली होती. मलाही ठाऊक होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण त्या बाईंच्या मागे भिंतभर पुस्तकं होती आणि माझ्या मागे म्हशी. मला लाज वाटली. मी म्हटलं, "हो ना, कच्चंच आहे तिचं."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने ते ऐकलं.

तर असं ते चौथं खोकं. ते घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर चटई टाकली, शून्याचा तक्ता मांडला आणि हाक मारली. मुलगी घरात नव्हती. "खळ्यावर गेली," धाकट्याने चहाडी केली. मी तक्ता हातात घेऊनच निघाले.

धान आता यंत्रावर मळतात आणि विकायचं ते सरकारी खरेदी केंद्राच्या काट्यावर तोलतात. तरी माझे सासरे घरी खायचं धान कुड्यानेच मोजतात. तो लाकडी कुडो त्यांच्या वडिलांनी मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेला. मी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे पोचले तेव्हा मोजणं चालू होतं. आकडा मुलगी बोलत होती, सासरे तो परत म्हणून कुडो रिकामा करत होते. "सहा." "सहा हो सहा." "सात." "सात हो सात."

मग सासऱ्यांनी दम घेतला आणि विचारलं, "किती झालं, माय?"

"तीन खंडी नि सात कुडो."

"मंजे किती कुडो?"

"सदुसष्ट."

"घरी खाले पाच खंडी पायजे. आता किती राह्यलं?"

मी ढिगामागे मनात वजाबाकी मांडत होते. माझं व्हायच्या आत ती म्हणाली, "एक खंडी नि तेरा कुडो." आणि एखाद्या मठ्ठाला समजवावं तसं पुढे, "मंजे तेहतीस, आबाजी."

मला आनंद झाला, इतका की मी शून्याचा तक्ता हलवत ढिगामागून बाहेर आले. शाबासकी द्यायला. मुलीने मला पाहिलं, तक्ता पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. सासऱ्यांनी कुडो भरून उचलला आणि आकड्याची वाट बघत थांबले.

"तुमीच मोजा, आबाजी," ती म्हणाली. "मले नाई येत."

"आत्ता तर येत होतं. काऊन?"

"आई आली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार खोक्यांत जे सापडलं नाही ते दोन शब्दांत समोर आलं होतं.

सासरे मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले तरी असते. ते भरला कुडो तसाच धरून म्हणाले, "बाई, चपला काढ नि पोत्याचं तोंड धर. माप चालू असलं की बोलाचं नाई." खळ्यावरचा हा नियमच आहे. मोजणाऱ्यांशिवाय कुणी तोंड उघडत नाही, नाहीतर मोजणी चुकते.

मी तक्ता तणसावर ठेवला, चपला काढल्या, खाली बसले आणि पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं. धानाचा भुसा उडतो म्हणून पोतं धरणारा मान खाली घालतो. मीही घातली. आता मुलीला माझं तोंड दिसत नव्हतं. सत्तरीचे सासरे भरला कुडो तसाच उचलून धरून थांबले होते.

बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला. "आठ."

"आठ हो आठ." धान पोत्यात पडलं.

नऊ, दहा, अकरा. माझ्या नाकात भुसा गेला होता, हातांना रग लागली होती. बारा. तेरा. आणि मग ती म्हणाली, "पंधरा."

"पंधरा हो पंधरा," सासरे म्हणाले आणि त्यांनी कुडो ओतला. त्यांनाही कळलं असणार. माझी तर जीभ वळवळत होती. सगळं बी.एड. घशाशी आलं होतं. मी दात घट्ट धरले.

"सोळा."

"सोळा हो सोळा."

पुढचा कुडो भरला गेला, पण आकडा आला नाही. मी पोत्यात बघत राहिले.

"थांबा, आबाजी," मुलगी म्हणाली. "चौदा राह्यलं. मागचं पंधरावं होतं. हे सोळावं."

सासरे म्हणाले, "सोळा हो सोळा."

मी हळूच मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती.