घराण्याच्या वतीनं

सौदीतल्या अबकैकच्या कंपाऊंडमधले आमचे शेजारी काका आमच्याच घराण्यातले, चार पिढ्यांपलीकडचे भाऊबंद. मराठी माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग कुलदैवत. इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, झेरॉक्स कुणाला द्यायची असली, तर तिच्यावर तिरकी रेघ मारून ‘फक्त सिमकार्डसाठी’ असं लिहिल्याशिवाय हातातून सोडत नाहीत.

गेल्या सुट्टीत ते लेकीकडे अमेरिकेला गेले. कुलवृत्तांतात भर पडेल म्हणून तिथल्या, डीएनएवरून वंशावळी जुळवणाऱ्या कंपनीला त्यांनी नळीत थुंकून दिलं. हा डीएनए पोलिसांना तपासासाठी वापरू द्यायचा का, या प्रश्नालाही हो म्हणून आले.

मी भडकलो. “काका, तुमच्या डीएनएवरून पोलीस आपल्या सगळ्यांपर्यंत पोचतात! आम्हाला विचारलंत?”

“अरे, घराण्यात थोरला मीच ना? दिली परवानगी सगळ्यांच्या वतीनं. चोराच्या मनात चांदणं!”

गुहागरची पडीक जागा विकायला सगळ्या भाऊबंदांच्या सह्या लागतात, म्हणून हेच काका दर शुक्रवारच्या सुट्टीत कायद्याच्या नावानं बोटं मोडतात. जागेला सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सगळ्यांच्या रक्ताला एकाची थुंकी पुरते!