वायंगणकरचा डावा हात

लवू राऊळ सिनेमा बघतो तो भांडायच्या तयारीने. करी रोडच्या त्या बावीस मजली इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सातव्या मजल्यावरचा त्याचा संताप लिफ्टपर्यंत ऐकू येतो. टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला, एखादा दाढीवाला गडी नऊवारी नेसून ठुमकत आला आणि समोर बसवलेले परीक्षक मांड्या बडवू लागले, की लवू रिमोट उचलतो.

"पुरुषाला लुगडं नेसवलं की झाला विनोद? आणि हसायला हे बसलेत, मग आम्ही कशाला बसायचं?"

मुलाने, वैभवने, त्याला एकदा मॉलमधल्या थिएटरात नेलं. मराठी सिनेमा, खेळ सकाळी पावणेदहाचा. "ही रक्त तपासायला जायची वेळ, सिनेमाची नव्हे," असं लवू तिकीट दाखवतानाच म्हणाला. आत खुर्ची बटण दाबल्यावर आडवी झाली, म्हणजे प्रेक्षक झोपणार हे बनवणाऱ्यांनीच धरून चाललेलं. पडद्यावर नायिकेचा बाप मरत होता आणि शेजारचा तरुण मोबाईलवर भलत्याच कुणाचा नाच बघत होता. लवूने त्याला फोन बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, चिल." हे दोन शब्द लवूने पुढे चार दिवस घरात उगाळले.

एवढं बोलायचा त्याला अधिकार होता. संपात गिरणी गेली तेव्हा तो परळच्या एका थिएटरात डोअरकीपर लागला आणि थिएटर पाडेपर्यंत, सत्तावीस वर्षं, अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवत राहिला. प्रेक्षकांच्या हशावरून तो बाहेर उभा राहून सांगायचा, आता कितवं रीळ चाललंय. बॅटरी तो डाव्या हातात धरायचा. लवू जन्माचा डावरा.

लहानपणी ह्या डाव्या हाताने फार सोसलं. मास्तरांची पट्टी त्यावरच पडायची. बाप गिरणीतून यायचा आणि जेवताना लवूचा डावा हात पंच्याने खाटेच्या पायाला बांधायचा. पुढे लग्न जमवतानासुद्धा मध्यस्थाने मुलीकडच्यांना सांगितलं, "डावरा असला तरी माणूस चांगला आहे." त्यातलं 'असला तरी' लवूला आजही खुपतं.

त्याला तारलं ते दिगू वायंगणकरने. हा विनोदी नट चार सिनेमे करून वारला आणि दुनिया त्याला विसरली. आजच्या इमारतीच्या जागी तेव्हा गिरणीच्या दोन चाळी होत्या, एक नंबर आणि दोन नंबर. वर्षातून एकदा त्यांची सत्यनारायणाची पूजा व्हायची, संध्याकाळी दोन चाळींच्या मधोमध कापडी पडदा ताणायचे आणि भाड्याच्या मशीनवर सिनेमा लावायचे. सलग तीन वर्षं वायंगणकरचा एकच सिनेमा आला, कारण भाडेवाल्याकडे तोच असायचा. त्यात तो हॉटेलातला वेटर. सात कपबश्या एका हातावर रचून गिऱ्हाइकांमधून नाचत जायचा, मालकाच्या टकलावर चहाचा थेंब सांडू द्यायचा आणि त्याच हाताच्या कोपराने पुसायचा. डाव्या हाताने. सहा वर्षांच्या लवूने ते पाहिलं आणि त्याच्या जिवात जीव आला. अख्खी गल्ली ज्या माणसावर हसून लोटपोट होते, तोही डावरा.

पुढे साठ वर्षं लवू हे सांगत आला. थिएटरातल्या मॅनेजरला सांगितलं, बायकोला सांगितलं आणि आता नातीला, अक्षदाला, सांगतो. ती नऊ वर्षांची, आजोबांसारखीच डावरी.

ती पूजा इमारतीतही चालू राहिली. गेल्या वर्षी तिथे भलतंच झालं. प्रसाद वाटायचा मान रमाबाईंचा. बाई पंचाहत्तरीच्या, लवूच्याच जुन्या चाळीतल्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक, आणि इमारतीत त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. अक्षदाने डावा हात पुढे केला तर त्यांनी सगळ्या रांगेसमोर तो झिडकारला. "बायकांच्या जातीला शोभतं का? उजवा कर." पोर रडत वर गेली. यंदा तिने आधीच सांगून टाकलं होतं, मी पूजेला येणार नाही.

मग लवूने सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, हितेंद्रच्या, मागे लकडा लावला. वायंगणकरची फिल्म कुठल्याशा गोदामात सापडून कुणी तरी ती साफ करून इंटरनेटवर टाकली आहे, असं हितेंद्रनेच त्याला सांगितलं होतं. यंदाच्या पूजेला तीच लावायची ठरली. घरी बघून टाक, असं वैभव म्हणाला, पण लवूने ऐकलं नाही. वायंगणकर चारचौघांतच बघायचा असतो.

"तू चल," तो अक्षदाला म्हणाला. "आधी त्याला बघ. मग प्रसाद घेऊ. सगळ्यांना कळू दे, डावरा माणूस काय असतो तो."

पार्किंगवरच्या गच्चीत, पोडियमवर, मोठा एलईडी पडदा उभा होता. लवूने अक्षदाला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी वसंत फणसे, पूर्वीच्या एक नंबर चाळीतला. त्याचे वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. सिनेमा सुरू झाला, हॉटेल आलं आणि सात कपबश्या रचून दिगू वायंगणकर आला.

उजव्या हातावर.

लवू ताडकन उठला. त्याला काय झालं हे बायकोलाही कळेना. तो तडक लॅपटॉपवाल्यापाशी गेला. "उलटं लावलंय तुम्ही. रीळ उलटं बसलं की असंच होतं. सत्तावीस वर्षं काढलीत मी थिएटरात, मला शिकवू नका."

"काका, ह्यात रीळच नसतं," तो बिचारा म्हणाला.

"मग साफ करणाऱ्यांनी उलटं केलंय. ह्या लोकांना कशाची लाज नाही. गेलेल्या माणसाचा हात बदलतात."

मागून लोक बसा, बसा म्हणू लागले. तेवढ्यात अक्षदाने पडद्यावरच्या हॉटेलातली पाटी मोठ्याने वाचली. "येथे थुंकू नये." ती आजोबांकडे वळली. "आजोबा, अक्षरं तर सुलटी आहेत."

लवूने पाटी पाहिली. अक्षरं सुलटी होती. सिनेमा सुलटा होता.

वसंत फणसे त्याच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अरे लवू, तुम्ही दोन नंबरवाले मागे बसायचात ना? मशीन आमच्या बाजूला असायचं."

खरंच होतं. सतरंज्या एक नंबरवाल्यांच्या, कारकुनांच्या. गिरणी कामगारांची पोरं पडद्याच्या मागे, गटाराच्या कठड्यावर. पातळ कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उजव्याचं डावं व्हायचं आणि अक्षरं उलटी यायची, आणि वाचता येत होतं कुणाला? ज्या माणसाने सत्तावीस वर्षं थिएटरात काढली, त्याच्या हे कधी डोक्यात आलं नाही. यावं असं त्याला वाटतच नव्हतं.

तो खुर्चीवर येऊन बसला. त्याला सगळ्यांचा राग आला. त्या सतरंज्यांचा, कठड्याचा, समोर हसत सुटलेल्या वायंगणकरचा. साठ वर्षं एका उजव्या माणसाने आपल्याला धीर दिला, ह्याचा तर फारच आला.

"म्हणजे तो उजवाच होता?" अक्षदाने विचारलं.

"होय."

"मग आपण दोघंच?"

अक्षदाने जरा विचार केला आणि ती म्हणाली, "आणि आजोबा, प्रसाद तर तू पण उजव्याच हाताने घेतोस."

ती तक्रार करत नव्हती, दिसलं ते सांगत होती. पण लवूला ते मास्तरांच्या पट्टीपेक्षा जास्त लागलं. खरं होतं. बॅटरी डावी, जेवण डावं, सही डावी आणि देवासमोर मात्र त्याचा डावा हात आपोआप पाठीमागे जायचा. बापाने बांधलेला पंचा त्याने स्वतःच इतकी वर्षं सोडला नव्हता.

"चल," तो म्हणाला.

रमाबाई शिऱ्याचं पातेलं घेऊन चौरंगापाशी बसल्या होत्या. दर्शनाला येणाऱ्यांची रांग चालूच होती. लवू रांगेत उभा राहिला, त्याचा नंबर आला आणि त्याने डावा हात पुढे केला.

"लवू, उजवा," रमाबाई वर न बघता म्हणाल्या.

"नाही, रमाबाई. हाच."

आता त्यांनी वर बघितलं. रांगही बघू लागली. लवूचा आवाज चढला नाही, ह्याचंच बायकोला नवल वाटलं.

"माझा बाप हा हात बांधून ठेवायचा, तुम्ही बघितलंय. पण शेवटचं पाणी मी त्याच्या तोंडात ह्याच हाताने घातलं. तेव्हा तो नको म्हणाला नाही. प्यायला. देवाला चालत नसेल तर देवाने मला सांगावं."

रमाबाईंनी त्या पसरलेल्या तळव्याकडे बघितलं. मग त्यांनी डाव शिऱ्यात बुडवला आणि त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. शेजारी अक्षदाचा छोटा डावा हात आधीच पुढे आलेला होता. त्यावरही ठेवला.

लवूने एक घास खाल्ला. "केळं घातलेलं नाही ह्यात," तो बायकोकडे वळून म्हणाला. "प्रसाद पण धड करता येत नाही आता कुणाला."

तिकडे पडद्यावर कपबश्या खळकन फुटल्या आणि लोक हसले. अक्षदा बोटं चाटत होती.

"आजोबा, उरलेला सिनेमा बघायचा का?"

"बघू या," लवू म्हणाला. "उजवा असला तरी माणूस चांगला आहे."