मीनासिस्टरचे कागद

बाळाला सुई लागत नव्हती. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तीनदा टोचून बघितलं. बाळ एक दिवसाचं, साखर उतरून ढिलं पडलेलं, आणि मीनासिस्टर नेमकी रजेवर. शेवटी मांजलपूरहून बाळांचे डॉक्टर स्कूटर मारत आले, त्यांनी सलाईन लावलं. बाळ वाचलं. पण तो पाऊण तास मी विसरले नाही.

निजामपुऱ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये मी आयाबाई होते. आमच्या बडोद्यात आयाबाईला मासी म्हणतात. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शहरातल्या वाडी भागातून रोज पायी जायचं आणि पायी यायचं.

मीनासिस्टर गेली होती इंग्रजीची परीक्षा द्यायला. ती पास झाली की इंग्लंडात नर्सची नोकरी. ती पास झाल्याचं साहेबांना कळलं तसे ते भडकले. आमच्याकडे रीत अशी, की नोकरीला लागताना सिस्टरने ओरिजिनल सर्टिफिकेटं साहेबांच्या कपाटात ठेवायची. झेरॉक्स तिच्याकडे. ओरिजिनल नाही तर व्हिसा नाही. कापूस-पट्ट्यांचा स्टॉकही त्याच कपाटात, म्हणून किल्ली माझ्या कमरेला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ती कागद मागायला आली तर किल्ली हरवली म्हणून सांगायचं.

"हरवली नाहीये, साहेब."

"कमळाबेन, सात वर्षं मी तिला शिकवलं. आता तयार बाई त्या इंग्लंडवाल्यांना आयती मिळणार. आपल्या बाळांचं काय?"

साहेब खोटं बोलत नव्हते. आधीच्या दोघी अशाच गेल्या होत्या. पण मी तिथे उभी राहून बघतच होते ना. बाळाची सुई म्हटली की सगळे ओरडायचे, मीनाला बोलवा. ती यायची, लावायची, जायची. हेतल नावाची दुसरी सिस्टर दोन वर्षं नुसता ट्रे धरून उभी. तिच्या हातात सुई कोणी दिलीच नाही. तसं मी बोलले.

"ते मी बघतो. तुम्ही किल्लीचं सांगा."

मग मी कपाट उघडलं आणि मीनाचं पाकीट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"साहेब, तुमचे चिरंजीव राहुलभाई सरकारी कॉलेजात शिकून अमेरिकेला गेले. त्यांची सर्टिफिकेटं कोणी कपाटात ठेवली होती?"

साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले. तीन बायका कळा देत होत्या. मला कोणी परत पाठवलं नाही. पाकीट टेबलावर तसंच होतं. साहेबांसमोरून उचललं, मीनाला दिलं.

ती रडायला लागली. म्हटलं, ते नंतर. तुला जायला दीड महिना आहे. आजपासून सुई हेतल लावणार, तू फक्त मागे उभी राहा.

ती तोंड वाकडं करून म्हणाली, "मासी, बाळं रडतील, सगेवाले माझ्या अंगावर येतील."

"येऊ देत. त्यांना मी बघते."

बाळाची शीर म्हणजे दोऱ्याएवढी. वरून दिसत नाही. बाळाच्या तळव्याखाली छोटी बॅटरी धरली की तळवा लाल होतो आणि शीर काळी रेघ होऊन दिसते. मग सुई अगदी आडवी घालायची. हेतलची सुई शिरेच्या बाजूने जायची. दोनदा चुकली की तिसऱ्यांदा मीना लावायची, हा नियम. एका आजोबांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. मी त्यांना चहा पाजला. साहेब सगळं बघत होते, पण नाही म्हणाले नाहीत.

मीना गेली. त्याच आठवड्यात आठव्या महिन्यातलं बाळ जन्मलं, मुठीएवढं. हेतलने बॅटरी धरायला मला लावलं. दुसऱ्या टोचण्यात सलाईन चालू. साहेब दारात उभे होते. ते बघून ओपीडीत गेले.

जायचं माणूस जातंच. हातातलं कसब इथे कुणाला देऊन जातंय का, तेवढं बघायचं.

तीन वर्षांनी हेतल हळूच म्हणाली, "मासी, मी कॅनडाचा फॉर्म आणलाय."

मी विचारलं, सुई आता कोण लावतं?

तिने दोघींची नावं सांगितली.

"मग भर."