अर्धशिशी आणि तापलेला विळा

आणीबाणीच्या थोडं आधी माझं लग्न झालं आणि मी कारंज्याहून आसेगावला नांदायला आले. माहेरी परसात, टोपलीचा का होईना, संडास होता. इथं गावाबाहेरचं रान. बाया पहाटेच्या अंधारात जात, आणि नव्या सुनेनं एकटीनं जायचं नाही, हा कायदा. सासू तिच्या वयाच्या बायांबरोबर जाऊन यायची, त्यांच्यात सून चालत नसे. माझी सोबत म्हणजे धाकटी नणंद. ती लग्न होऊन गेली आणि माझी पंचाईत झाली. सासूला सांगायचं कोणत्या तोंडानं? मग मी पाणी तोडलं, भाकर अर्धी केली आणि पोट दाबून बसले. शेजारणी म्हणत, "सून मोठी सोशिक हाय वं!" सोशिक डोंबलाची!

पोट दगडासारखं झालं की माझं डोकं उठायचं. फक्त डावी बाजू. आधी डोळ्यांपुढं काजवे, मग कानशिलात घण. चुलीचा धूर नको, कोणाचं बोलणं नको, पोटातलं कडू पाणी ओकून ओकून जीव नकोसा व्हायचा. शेजारची एखादी पोर सोबत मिळाली आणि पोट मोकळं झालं, की डोकंही उतरायचं. मला हे कळत होतं हो. पण नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. मेले असते, पण बोलले नसते.

शेवटी सासूनंच ठरवलं. "अर्धशिशी हाय. डाग देल्ल्याबिगर जात नाही."

डाग देणारी म्हातारी आमच्याच आळीत राहायची. विळ्याचं टोक लाल करून कानशिलावर टेकवायची. समोरच्या घरातल्या लेकराच्या पोटावर तिचे डाग मी पाहिले होते. मायबाई! तिचा हात हलला तर? डोळा गेला तर? रविवार ठरला आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. पोट आणखीच आवळलं, आणि त्या भीतीनंच डोकं पुन्हा उठलं.

रविवारी सकाळी चुलीत विळा घातला. सासूनं माझं डोकं मांडीवर घेतलं, केस मागे ओढून घट्ट धरले.

"डोये मीट वं पोरी, हालू नको," म्हातारी म्हणाली.

विळ्याची धग गालाला लागली आणि माझी लाजबीज सगळी पळाली. मी किंचाळले, "आत्याबाई, डोकं नाही वो, पोट! मले परसाकडे जायले सोबत नाही! पोट साफ नाही झालं का डोकं उठते!"

म्हातारी खो खो हसायला लागली. "आयका बाप्पा हिचं! पोटाचा अन् डोक्याचा काय संबंध?" विळा गार होईल म्हणून ती पुन्हा वाकली.

सासू हसली नाही. तिनं म्हातारीचं मनगट धरलं. "राहू दे. घेऊन जाय तो विळा."

म्हातारी बडबडत निघून गेली. मी उठून बसले. मग सासूनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कानाजवळचे केस बाजूला केले. कानशिलावरची कातडी चार आण्याएवढी चकचकीत झाली होती. त्याच्या खालीच दुसरा डाग होता.

"लगन झालं त्या वर्षीचे हायेत," ती म्हणाली. "मले तं नणदच नोहोती."