चौथं ऑईलसील

माझं सुट्या भागांचं दुकान आहे, आणि समोरच गिअरबॉक्स दुरुस्तीची शेड. त्या शेडच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सगळी गल्ली एरंडेल म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. पण नाव चपखल होतं. सकाळी त्यांचा चेहरा बघितला की आपणच घोटभर प्यायल्यासारखं वाटायचं.

दीड वर्षापूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायचे. शेवटी पाना थोरल्या मुलीच्या हातात गेला. तसा तो बारा वर्षं तिच्याच हातात होता, फक्त आता म्हातारे दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि ती काय चुकतेय ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

"बघा, पान्याला मिठी मारून बसलीये," ते म्हणायचे. "बोल्ट काय लाडाने सुटतो?"

थोरली उत्तर द्यायची नाही. चाळिशीला टेकलेली, उंच, केस कानाच्या वर कापलेले. ती जबडा आवळायची आणि बोल्ट सोडवायची. घरी आईजवळही कधी बोलली नाही. मला वाटायचं हिला सवय झाली असेल. सवय वगैरे काही नव्हती, ती साठवत होती.

तर एक ठेकेदार होता, ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर भाड्याने फिरवणारा. रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं, माती भुसभुशीत करणारं यंत्र. त्याच्या गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्यापाशी तेल गळत होतं. थोरलीने सील, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. आठ दिवसांनी तो परत आला, तेल गळतंय. तिने दांडा नीट पुसून, तपासून दुसरं बसवलं. परत गळालं. तिसरंही माझ्याच दुकानातून गेलं, आणि चार दिवसांत ठेकेदार यंत्र घेऊन शेडसमोर उभा.

"नवीन सील घालतेस की जुनंच पुसून बसवतेस?" तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "अर्धा हंगाम तुझ्या दारात गेला माझा. उस्ताद, तुम्ही सांगा, हे बाईमाणसाचं काम आहे का?"

म्हाताऱ्यांनी नाक उडवलं. "मी कुणाला सांगू? माझं कोण ऐकतंय?"

थोरलीने हात पुसले. "ट्रॅक्टर चालू करा," ती ठेकेदाराला म्हणाली. "वीस मिनिटं चालू ठेवा. आणि तोपर्यंत तोंड बंद ठेवा."

मी दुकान सोडून बाहेर आलो. यंत्र उचललेल्या स्थितीत फिरत होतं, खाली ठोकळे लावलेले. थोरली जरा लांबून सीलकडे बघत होती. गिअरबॉक्स गार होता तोवर थेंब नाही. तापला तसा दांड्याभोवती काळा ओघळ दिसायला लागला. तिने इंजिन बंद करायला लावलं आणि तेल भरायचं झाकण हळूच सैल केलं. फुस्स करून आवाज आला. झाकण तसंच सैल ठेवून पुन्हा चालवलं. ओघळ थांबला.

मग तिने खरवडणी घेऊन वरचा चिखल आणि ग्रीस काढायला सुरुवात केली. आत तापलेल्या हवेला बाहेर पडायला वरती भोकाची एक छोटी टोपी असते, ब्रीदर. ती टोपी तिथे नव्हतीच. तिच्या जागी साधा भरीव बोल्ट होता, वरून रंग मारलेला.

"हवेला वाटच नाही," ती ठेकेदाराला म्हणाली. "तापली की ती तेल पुढे ढकलते. रोज नवीन सील बसवलं तरी गळणार."

"आणि हा खुट्टा कोणी ठोकला?"

तिने बोल्ट काढला आणि हातात धरून बघत राहिली. मलाही दिसलं. आट्यांवर सुती धागा गुंडाळला होता आणि त्यावर लाल रंग. असा धागा अख्ख्या गल्लीत एकच माणूस गुंडाळायचा.

"तुम्ही यंत्र जुनं घेतलंय ना?" थोरली म्हणाली. "आधीच्या मालकाने बसवला असेल."

"खोटं बोलतेय ती," मागून आवाज आला.

म्हातारे खुर्चीचा हात धरून उठले होते. "धागा बघ, लाल रंग बघ. मी बसवला. ही तापाने पडली होती तेव्हा तू यंत्र आणलं होतंस, ब्रीदर तुटलेला होता." मग ते तिच्याकडे वळले. "माझी दया करायला तुला कोणी सांगितलं?"

"दया नाही केली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हता. "शेडच्या नावासाठी खोटं बोलले. तुमच्यासाठी नाही. तीन वेळा हा माणूस मला तुमच्यासमोर वाट्टेल ते बोलला. तेव्हा नाही आठवला बोल्ट?"

"आठवला होता."

"काय?"

"आठवला होता. तुला सापडतो का बघत होतो."

मला आजही वाटतं की म्हातारे तेव्हा खोटं बोलले. त्यांना काही आठवलं नव्हतं. पण विसरलो म्हणण्यापेक्षा दुष्ट ठरलेलं त्यांना परवडलं.

थोरलीने ते खरं मानलं. ती माझ्याकडून ब्रीदर आणि चौथं सील घेऊन गेली. सील बसवलं, तेल बरोबर खुणेपर्यंत भरलं, यंत्र पुन्हा तापवून ठेकेदाराला कोरडा दांडा दाखवला आणि मग बापाला म्हणाली, "उद्यापासून इथे यायचं नाही."

ते आले. सकाळी नेहमीच्या वेळेला येऊन खुर्चीत बसले. थोरलीने पाना खाली ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली. दुपारपर्यंत दोघं तशीच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली, आणि संध्याकाळी थोरलीने ती भंगारवाल्याला देऊन टाकली.

घरातही तसंच. जेवायच्या वेळा वेगळ्या. बोलायचं ते आईमार्फत. "तिला सांग, नळ गळतोय." "त्यांना सांग, बघते." आई मला एकदा म्हणाली, "भाऊ, मी काय टपालपेटी आहे का?"

ठेकेदार अजून थोरलीकडेच येतो. अजून उद्धट बोलतो, आणि तीही त्याला तितकंच उलट सुनावते. दोन हंगाम झाले, सील कोरडं आहे.

मधे म्हाताऱ्यांनी गुपचूप एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. नंतर आठवड्याने माझ्या दुकानात आले, काळा चष्मा लावून. फळीवरची सीलं एकेक उचलून उजेडात धरून पाहिली.

"ती कुठलं नेते?" त्यांनी विचारलं.

"समोरच तर आहे," मी म्हणालो. "तिलाच विचारा की."

त्यांनी सील जागेवर ठेवलं, माझ्याकडे एरंडेल प्यायल्यासारखं पाहिलं आणि शेडकडे मान न वळवता घरी निघून गेले.